बेपत्ता शिपायाची पेटी

मी एक फौजी पेटी बोलतेय. काळ्या पत्र्याची; झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव, शिपाई आकाराम. साताऱ्याच्या एका पत्रेवाल्याकडे माझा जन्म झाला. पुढची वर्षं रेल्वेच्या बाकाखाली आणि थंडगार छावण्यांत गेली. पेटीला डोळे नसतात, पण आतला अंधार सगळं ऐकतो. अर्धवट झोपेत मला अजून गाडीचा खडखडाट ऐकू येतो आणि वाटतं, चाललोच आहोत कुठंतरी.

पासष्ट साली आकाराम रजेवर म्हसवडजवळच्या आपल्या गावी आला होता. लढाई पेटली, रजा रद्द झाली. त्यानं घाईघाईनं बिस्तरा उचलला. "साळू, पेटी ऱ्हाऊ दे," एवढंच बायकोला म्हणाला आणि गेला.

मग तार आली. इंग्रजीत! ज्या घरातला पोरगा सीमेवर न्यायचा, त्या घराला कळेल अशा भाषेत चार शब्द लिहावेत, हे कुणालाच का सुचू नये? आठवलं की माझा पत्रा उन्हाशिवाय तापतो.

ग्रामपंचायतीच्या कारकुनानं तार वाचली. "मिसिंग. म्हंजे हजर न्हाई."

आकारामचे वडील नानासो स्वतः दुसऱ्या महायुद्धातले शिपाई. इंग्रजी येत नव्हतं, पण पलटणीतला एक शब्द पक्का ठाऊक होता. त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, "म्हंजे अ‍ॅब्सेंट?"

"त्येच की! दोन्ही एकच."

अ‍ॅब्सेंट म्हणजे पलटण सोडून पळालेला. अशांचं काय होतं, ते नानासोंनी पाहिलं होतं. म्हातारा चावडीवर जाईनासा झाला. वाटेत कुणीतरी टोमणा मारलाच, "काय नानासो, पोरगं कवा पोचतंय घरी?" त्या दिवशी नानासोंनी मला लाथेनं गोठ्यात ढकललं.

खंडेनवमी आली. त्या दिवशी विळा, कोयता, नांगराचा फाळ धुऊन पूजेला मांडतात. आमच्या गावात फौजीची पेटीही त्या ओळीत असते. साळूबाईनं मला गोठ्यातून ओढून आणलं, शेण धुतलं आणि कोयत्याशेजारी ठेवलं.

नानासो कडाडले, "पळपुट्याच्या पेटीला कुंकू लागायचं न्हाई!"

"आवं मामा, तुमचा इस्वास लेकावर हाय का त्या कारकुनावर?"

मांडलेली पूजा तशीच ठेवून, तार कनवटीला लावून ती म्हसवडला निघाली. तिथं इंग्रजी जाणणारे एक निवृत्त सुभेदार राहत. दिवस कलताना ती परतली आणि उंबऱ्यातच उभी राहिली.

"मामा, अ‍ॅब्सेंट म्हंजे जो आपल्या पायानं निघून जातो. ह्यात मिसिंग लिवलंय. लढता लढता दिसंनासं झालं त्ये. पलटणच हुडकतीया त्यास्नी."

नानासो उठले. बोटावर कुंकू घेऊन त्यांनी माझ्या झाकणाला टेकवलं. बोट मात्र उचललं गेलं नाही.

"पोरी," ते म्हणाले, "पळाला असता तर जिता तरी असता गं."

चार वर्षं झाली. दुसरी तार आली नाही, आकारामही नाही. साळूबाई दर उन्हाळ्यात त्याच्या कपड्यांना ऊन दाखवून घड्या घालते आणि पुन्हा माझ्यात ठेवते. कपड्यांची ऊब उतरेपर्यंत मला वाटतं, आत्ताच कुणीतरी अंगातून काढून ठेवलेत.

वाचकहो, तुमच्या दारी कुणी परक्या भाषेतला कागद घेऊन आलं आणि शब्द ठाऊक नसला, तर ठाऊक नाही म्हणा. त्यानं तुमची इज्जत जाणार नाही.

येते मी. येते म्हणजे काय, इथंच आहे. नानासोंनी बाजारातून कुलूप आणलं होतं. साळूबाई ते मला लावू देत नाही. म्हणते, "त्ये आलं तर किल्ली कुटं हुडकायची त्यांनी?"