लॉटचा रंग

आमच्या कापडाच्या रंगखात्यात कुणाला शिंक आली की बाजूचे लोक त्याचा रुमाल बघायला मागतात. पिवळं निघालं तर पिवळा लॉट चालू आहे, हिरवं निघालं तर हिरवा. नखं, कानांमागची कातडी, बनियन, उशीचा अभ्रा, सगळ्याला आठवडाभराचं काम लागलेलं असतं. आमच्या लग्नात माझ्या नवऱ्याचे हात कोपरापर्यंत जांभळे होते आणि फोटोत ते अजून तसेच आहेत. रंग गाळणाऱ्याला तर एकदा दोन दिवस लघवी नारिंगी झाली होती, त्यावर सगळ्यांनी त्याची महिनाभर टिंगल केली. त्यामुळे अंगातून रंग निघाला म्हणून आमच्याकडे कुणी घाबरत नाही.

नवरा सव्वीस वर्षं हौदांवर आहे. मी त्याच्याही आधीपासून शेडच्या, म्हणजे रंगाची छटा जुळवायच्या खोलीत. गिऱ्हाईक कापडाचा एक तुकडा पाठवतं, खालून रंगवलेला तुकडा वर येतो, आणि मी दोन्ही दिव्याखाली शेजारी शेजारी धरून सांगते, जुळलं की नाही. मी नाही म्हटलं की अख्खा लॉट परत हौदात जातो. मालक कपाळाला हात लावतात, पण वाद घालत नाहीत. मध्यंतरी त्यांनी रंग मोजायचं मशीन आणलं होतं. तीन वेळा ते एक म्हणालं, मी दुसरं म्हणाले, आणि तिन्ही वेळा गिऱ्हाइकाने माझं खरं धरलं. ते मशीन आता कपाटावर आहे आणि त्याच्यावर मी माझा डबा ठेवते. सांगायचा मुद्दा, माझ्या नजरेचा मला गर्व होता, आणि तो मी लपवतही नव्हते.

लग्नाआधी चार वर्षं आम्ही एकाच खात्यात होतो, त्यामुळे अहो-जाहो आम्हाला कधी जमलंच नाही. त्या सकाळी तो संडासात पाणी सोडायला विसरला, आणि मी दारातूनच त्याच्या नावाने शंख केला. मग भांड्याकडे लक्ष गेलं. आत लाल होतं. आवाज खाली आणून मी त्याला परत बोलावलं. तो तोंडात ब्रश धरून आला आणि आम्ही दोघं त्या भांड्यावर वाकून उभे राहिलो. तो माझ्याकडे बघत राहिला, खात्यात सगळे बघतात तसा.

मी जेमतेम दोन सेकंद बघितलं आणि म्हटलं, "लॉटचा रंग आहे. तोंडाला फडकं बांधत जा म्हणून किती वेळा सांगायचं तुला."

तो हसला. ब्रशचा फेस हनुवटीवर ओघळला. लेकीच्या नव्या नोकरीचा तो पहिला दिवस होता, घरात पळापळ चालली होती, ती बाहेरून ओरडत होती की दोघं संडासात काय करताय. मी पाणी सोडलं. दुसऱ्या दिवशी स्वच्छ होतं, तिसऱ्या दिवशीही. माझा जीव भांड्यात पडला, म्हणजे तो आधी कुठेतरी टांगलेला होता. तेव्हा मात्र मी हे स्वतःशीही कबूल केलं नाही.

नंतरच्या महिन्यांत तो उतरत गेला. पट्ट्याला त्याने खिळ्याने आणखी एक भोक पाडलं, तेव्हा मी म्हटलं, बरं झालं, पोट कमी झालं. जिना चढताना मधल्या वळणावर थांबायला लागला. डावी कंबर धरायची, तर ती ओली कापडं उचलून कुणाची धरत नाही. प्रत्येक दुखण्याला आमच्याकडे तयार उत्तर होतं. खात्यातले म्हणाले, वय झालं. तो म्हणाला, बायको म्हातारा म्हणत नाही तोवर मी तरुण. मी म्हणाले, मग तुझं कालच संपलं.

शेवटी एका दुपारी तो कामावरून भिंत धरत घरी आला. या वेळी लघवीत गाठी होत्या. लेकीने काही ऐकून न घेता त्याला दवाखान्यात नेलं, मी मागून गेले. सोनोग्राफी करणारी मुलगी सुरुवातीला गप्पा मारत होती, कुठे काम करता, हाताला हा निळा कसला. डाव्या बाजूला आल्यावर ती बोलायची थांबली. तिथेच परत परत ते यंत्र फिरवत राहिली. मग म्हणाली, मोठ्या डॉक्टरांना दाखवू या. 

स्कॅनचा नंबर लागायला तीन आठवडे गेले. मोठ्या डॉक्टर म्हणजे माझ्याच वयाच्या एक बाई, बोलायला सरळ. डाव्या मूत्रपिंडाचा कॅन्सर आहे, असं त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं. गाठ मुठीपेक्षा मोठी होती आणि फुप्फुसांतही ठिपके दिसत होते. मूत्रपिंड काढायचं का नुसती औषधं द्यायची, ते अजून ठरायचं होतं. त्या म्हणाल्या, हा आजार फसवा असतो. सुरुवातीला दुखत नाही, एकदा रक्त दिसतं आणि मग महिना महिना दिसत नाही, माणसाला वाटतं गेलं. मग त्यांनी विचारलं, "पहिल्यांदा रक्त कधी दिसलं?"

"तीन आठवडे झाले," नवरा म्हणाला.

मी त्याच्याकडे बघितलं. तो डॉक्टरांकडे बघत होता. लेक शेजारी बसून सगळं टिपून घेत होती, तिने तेही टिपलं. डॉक्टरांनी इतकंच विचारलं की याआधी कधीच नाही का, आणि मी तोंड उघडलं नाही. त्यांनी एक फॉर्म दिला, घरी शांतपणे आठवून भरा म्हणाल्या, कधी, किती वेळा, वजन किती कमी झालं, सगळं.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले ती वही बघायलाच. प्रत्येक लॉटचा बोटभर तुकडा मी तारीख घालून वहीत चिकटवते. लेकीच्या नोकरीचा पहिला दिवस मला पाठ होता. ते पान काढलं. निळा, गडद निळा, करडा, परत निळा. शाळेच्या गणवेशाचं काम होतं. मागच्या पानावर निळा, पुढच्या पानावर निळा. सतरा दिवस आमच्या खात्यात लाल उघडलाच नव्हता, आणि ते तुकडे माझ्याच हाताने चिकटवलेले होते.

खरं तर मला वहीही नको होती. आमचे लाल सकाळच्या उजेडात निळ्याकडे झुकतात. भांड्यातलं ते तपकिरीकडे झुकत होतं. मला ते दिसलं होतं. मी घाबरले, आणि घाबरल्यावर जे उत्तर हवं होतं ते मी दिलं. कापडाच्या तुकड्यासाठी मी पाच मिनिटं घेते, दिवा बदलून बघते, खिडकीत नेऊन बघते. माझ्या नवऱ्याला मी दोन सेकंद दिले.

त्या दुपारी मी लवकर घरी आले. तो कॉटवर पडला होता, लेक औषधं आणायला गेली होती. मी चप्पलही न काढता त्याच्या पायाशी बसले आणि सगळं सांगून टाकलं, वही, सतरा दिवस, तपकिरी. सांगताना मी रडले, आणि मला त्याचाही राग आला, कारण रडायची पाळी माझी नव्हती.

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "हौदावर मीच होतो ना. हात निळे होते माझे."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बघून सांगितलंस की. म्हटलं, आधीचा कधीचा तरी राहिला असेल आत."

मग तो म्हणाला की लेकीसमोर मात्र तीन आठवडेच म्हणायचं. ती बापावर गेली आहे, एकदा मनात धरलं की सोडत नाही. "माझ्यामागे तुला तीच आहे," तो म्हणाला. "तिच्याशी वाकडं आलं तर कुठे जाशील?" डॉक्टरांपुढे त्याने ते का म्हटलं, हे मला तेव्हा कळलं. स्वतःच्या मरणाची बातमी कानावर पडत असताना हा माणूस माझी सोय बघत होता. मी त्याचे पाय धरून बसून राहिले. तो म्हणाला, "सोड, गुदगुल्या होतात."

लेक आली. औषधं कपाटात लावली, हात धुतले, आणि फॉर्म घेऊन खुर्ची कॉटजवळ ओढली. नाव, वय, काम, वजन असं भरत ती त्या ओळीवर आली आणि सहज म्हणाली, "पहिल्यांदा, तीन आठवड्यांपूर्वी. बरोबर ना बाबा?"

"बरोबर," तो म्हणाला आणि भिंतीकडे वळला.

मला गप्प बसता आलं असतं. त्याने मला त्यासाठी सगळं करून दिलं होतं. पण हा कागद डॉक्टर वाचणार होत्या, त्यावरून त्याचं पुढचं ठरणार होतं, आणि एकदा मी त्याच्या बाबतीत चुकीचं सांगून बसले होते.

"सात महिने लिही," मी म्हटलं. "मी बघितलं होतं. त्याने मला दाखवलं, आणि मी लॉटचा रंग आहे म्हणून सांगितलं."

लेकीचं पेन थांबलं. मग तिने आधीचं खोडलं, वर सात महिने लिहिलं. माझ्याकडे न बघता तिने पुढची ओळ वाचली.

"किती वेळा?"

"दोनदा, तेव्हा आणि आता," मी म्हटलं.

"पाच वेळा," तो भिंतीकडे तोंड करूनच म्हणाला. "मधल्या तीन वेळा हिला बोलावलं नाही. कशाचा रंग आहे ते हिने सांगितलेलं होतं."

लेकीने पाच लिहिलं.