बहुरूप्याची हजेरी

"नरसिंगला पुकारा," बिरादारसाहेब म्हणाले. शिपायानं पाण्याचा जग टेबलावर ठेवला आणि दार उघडलं.

व्हरांड्यात उभं राहून त्यानं खणखणीत आवाज दिला. पुन्हा दिला. मग आत येऊन खाली मान घालून म्हणाला, "कुणी न्हाई, साहेब."

उद्धव देशपांडे खुर्चीतून अर्धे उठले. "परत एकदा बघा. म्हातारा माणूस. शिरूर अनंतपाळहून एसटीनं यायचं म्हणजे उशीर होणारच."

शिपाई पुन्हा गेला आणि तसाच परत आला.

लातूरच्या त्या सभागृहात सकाळपासून निवड समिती बसली होती; बिरादारसाहेब तिचे सरकारी अधिकारी, उद्धवराव सदस्य. म्हाताऱ्या लोककलावंतांना सरकार महिन्याला मानधन देणार होतं, आणि ते कुणाला द्यायचं हे कला डोळ्यांनी बघून ठरणार होतं. बघण्याची अट बिरादारसाहेबांची. मागच्या वर्षी न बघता मंजूर केलेल्या शाहिरांतले दोघं चक्क किराणा दुकानदार निघाले, आणि वरिष्ठांची बोलणी साहेबांना खावी लागली.

"खरं सांगू का, सर," चहाचा घोट घेत साहेब म्हणाले, "आमच्या निलंग्याकडं शाळांचे पत्रे गळायलेत, अन् सरकारनं सोंगं पोसायची. ज्याला आवडतंय त्यानं द्यावं की."

"देत होते ना," उद्धवराव म्हणाले. "आता बहुरूपी दारात आला की चोर म्हणून धरतात. नरसिंगला मागच्या उन्हाळ्यात एका गावात खांबाला बांधलं होतं. लोकांनी हात आखडल्यावर सरकारनंही आखडायचा का?"

शिपाई रिकामे कप गोळा करत होता. उद्धवरावांनी वर न बघताच साखर कमी असल्याची तक्रार केली. कपाटाच्या दारावरची मूठ आणि शिपायाचा चेहरा, दोन्ही माणूस सारख्याच लक्षानं बघतो. त्यात निवृत्त शिक्षकही आले.

आणखी थोडी वाट बघून साहेबांनी संगणकावर 'गैरहजर' नोंदवलं आणि यादी वर पाठवली. उद्धवरावांना नरसिंगचा राग आला. शाळेत ते नवे असताना हाच माणूस तपासणी अधिकारी बनून आला होता आणि हेडमास्तरांना त्यानं घाम फोडला होता. तेव्हापासून ते त्याच्या कलेवर जीव टाकून होते. अर्ज करा म्हणून गळही त्यांनीच घातली होती, आणि या बाबानं ऐनवेळी तोंडघशी पाडलं होतं.

आवराआवर चालू असताना दारात धोतर-पटक्यातला एक म्हातारा उभा राहिला. तोंड नुकतंच धुतलेलं दिसत होतं.

"रामराम. मी नरसिंग बहुरूपी. बिदागीला आलोय जी."

"आत्ता?" उद्धवराव म्हणाले. "किती वेळा पुकारलं तुम्हाला."

"पुकारलं ते मीच की, सर. साखरंचं बी तुम्ही मलाच म्हणालात."



"तुमच्या शिपायाला सांगून त्येचा सदरा घेतला हुता. खाली टपरीवर बसलाय त्यो," नरसिंगनं खुलासा केला.

साहेब डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मग एकाएकी त्यांचं हसू मावळलं. "अहो, पुकारलं तेव्हा तरी सांगायचं."

"सोंगात असताना आपलं नाव कबूल करायचं नसतंय, साहेब. सोंग उतरवायचं, तोंड धुवायचं, अन् मग आपल्या रूपात बिदागीला यायचं. बापजाद्यांची रीत हाय."

साहेबांनी मनापासून खटपट केली. यादी परत उघडेना. त्यांनी वरिष्ठांना फोन लावला, तर पुरावा मागितला गेला. सभागृहातल्या कॅमेऱ्यानं केलेलं दिवसभराचं चित्रीकरण त्यांनी पुढं-मागं करून बघितलं. त्यात एक शिपाई पाणी देत होता.

"हे दाखवून काय सांगू?" ते हताश होऊन म्हणाले. "आता पुन्हा करून दाखवा म्हणलं तर?"

"आता तुम्ही वळखता की मला," नरसिंग म्हणाला.

पुढच्या वर्षी पहिलं नाव तुमचंच, असं साहेबांनी सांगितलं. ते खोटं बोलत नव्हते.

उद्धवराव त्याला सोडायला पायऱ्यांपर्यंत आले.

"घरी काय सांगणार?"

"कारभारणीला, चतुराबाईला? खांबाला बांधल्यापासनं ती मला गावं फिरू देत न्हाई. हे मानधन आलं की सारं सुटलं, असं म्हणून बसलीय ती." तो कठड्याला धरून उभा राहिला. "सांगीन कायतरी."

उद्धवरावांना फार वाईट वाटलं. काहीतरी उपाय सांगितल्याशिवाय त्यांच्याच्यानं राहवेना.

"नरसिंगराव, पुढच्या वर्षी सोंग जरा कच्चं ठेवा. मिशी थोडी सुटलेली, टोपी मोठी, चालणं वेडंवाकडं. बघणाऱ्याला पहिल्या झटक्यात कळलं पाहिजे, हे सोंग आहे."

आपण काय बोलून गेलो हे लक्षात येताच त्यांचा चेहरा उतरला. नरसिंग मात्र रागावला नाही. अडलेल्या कामाचा विचार करावा तसा तो विचार करत राहिला.

"कच्चं कधी केलं न्हाई, सर. बापानं ते शिकवलंच न्हाई." मग तो अगदी साधेपणानं म्हणाला, "तुम्ही मास्तर माणूस. तुम्हीच शिकवा आता."