कानातल्या आवाजांचा रेडिओ

मी एक जुना, लाकडी पेटीचा रेडिओ आहे. मित्रांनो, तेलंगणातल्या भैंसा गावी कापसाच्या जिनिंग कारखान्यासमोर सुधाकररावांचं चहाचं हॉटेल होतं. तिथल्या फळीवर माझी उमेदीची वर्षं गेली. बातम्या लागल्या की माणसं चहा थांबवून ऐकत. पुढं माझा काटा बिघडला आणि एकही स्टेशन धड लागेना.

तरी मारोतराव आणि प्रयागबाई रोज दुपारी यायचे, मुद्दाम माझी नुसती खरखर लावायचे आणि हसायचे. दोघांचं आयुष्य जिनिंगच्या गोंगाटात गेलेलं. मला वाटायचं, हे माझीच टिंगल करतात.

हे आपल्यालाच हसतात, असा संशय हॉटेलात येणाऱ्या डोमाजीलाही आला. वीस वर्षं जिनिंगमध्ये काम केल्यावर त्याला सतत कुजबुज ऐकू येऊ लागली होती. बायको वच्छलाबाई भिंतीआड कुणाशी तरी बोलते, असा त्याने आळ घेतला. ती बिचारी कंटाळून मुधोळला भावाकडे निघून गेली होती. एके दिवशी हे दोघं हसताना पाहून तो उठला आणि मला खाली आपटायला त्याने हात घातला.

मारोतरावांनी त्याचा हात धरला. "डोमाजी, तुह्या कानात काय वाजते?"

आजवर त्याला हे कुणी विचारलं नव्हतं. "मानसं बोलल्यावानी," तो म्हणाला. "तुमाले कोनं सांगतलं?"

"माह्या कानात तर शिट्टी वाजते," प्रयागबाई म्हणाल्या. "या वयात कोन वाजवते म्हून मी मागं वळून पायते."

आपण आपल्याच कानांना हसतो, आणि खरखर चालू असली की कानातला आवाज जरा मागं सरतो, हेही त्यांनी त्याला सांगितलं. डोमाजीचा विश्वास बसला नाही. आपल्याला फसवायला दोघांनी संगनमत केलं असेल, म्हणून तीन दिवस तो त्यांना एकेकटं गाठून तेच विचारत राहिला. उत्तरं बदलली नाहीत.

चौथ्या दिवशी तो माझ्याजवळ बसला आणि खालमानेनं म्हणाला, "माह्या कानात पंचायत भरते. पर ठराव काय झाला, थे कोनी सांगत नाही."

मारोतरावांना हसता हसता ठसका लागला. डोमाजीही हसला, आणि मग डोळे पुसत बसला. आपण वच्छलाबाईला काय काय बोललो, ते त्याला आठवलं असावं.

दुसऱ्या दिवशी तो मुधोळच्या बसमध्ये बसला. वच्छलाबाई त्याच्याबरोबर परत आली, पण तिला त्याच्या बोलण्याचा भरवसा नव्हता. पिशवी मांडीवर ठेवून तिने हॉटेलात बसून तिघांचं सगळं बोलणं ऐकलं. मग सुधाकररावांना विचारून तिने मला उचललं आणि घरी नेलं. आता दुपारी सगळे तिच्याच ओसरीवर जमतात.

मित्रांनो, कुणी तुम्हाला नसलेल्या आवाजाबद्दल सांगितलं, तर त्याला वेडा ठरवू नका. जवळ बसा, ऐकून घ्या. माझ्यासारख्या जुन्या वस्तूही उगाच फेकू नका. वच्छलाबाई रोज सकाळी पदराने माझी धूळ पुसते. मला अजून शंका येते की ही मला भंगारात देण्यासाठी चकचकीत करते आहे. पण धूळ पुसून झाली की ती नवऱ्याला हाक मारते आणि माझं बटण फिरवते.