आत जाणारा श्वास

राजाबाईचा कान म्हणजे कान होता. उल्हासनगरच्या दोन नंबर कॅम्पात जीन्सच्या कारखान्यात तिने वीस वर्षं शिलाई मशीन चालवली. नुसत्या आवाजावरून सुई कधी तुटणार ते ती सांगायची आणि शेठसुद्धा गप ऐकून घ्यायचा. गुडघ्यांनी दगा दिल्यावर ती अंबरनाथला घरीच बसून पँटींचे धागे कापायला लागली, पण तोरा तोच. घरात शेवटचा शब्द तिचा.

म्हणून अडीच वर्षांची नात सई घशातून आवाज काढत श्वास घ्यायला लागली, तेव्हा राजाबाईने जागच्या जागी निकाल दिला. सुनेने बर्फाचा गोळा खाऊ घातला, दुसरं काय! सून अक्षदा बिचारी तीन दिवस हे ऐकून घेत राहिली. गल्लीतल्या डॉक्टरने कागदावर ‘व्हीझ’ लिहिलं, बालदमा असेल म्हणाला आणि मशीनची वाफ दिली. वाफ घेऊन पोर हैराण झाली, आवाज काही हलेना.

चौथ्या दिवशी सकाळी दोघी तिला घेऊन स्टेशनजवळच्या मुलांच्या दवाखान्यात गेल्या. बाहेर ही रांग. सई आईच्या खांद्यावर झोपली होती, त्यामुळे आवाजही बारीक झालेला. डॉक्टर विनिता यांनी जुना कागद वाचला, पाठीला नळी लावली आणि वाफेचं औषध बदलून देते म्हणाल्या. राजाबाई उठली नाही. कागदावर बोट ठेवून तिने विचारलं, हे व्हीझ म्हणजे नेमकं काय?

डॉक्टरीणबाई वैतागल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. श्वास बाहेर सोडताना छातीत शिट्टी वाजते ती व्हीझ, त्यांनी सांगितलं. आतल्या बारीक नळ्या आवळल्या की तसं होतं.

“आणि आत ओढताना वाजलं तर?”

“त्याला स्ट्रायडॉर म्हणतात, आजी. ते वर असतं, घशाशी. तिथे हवेची वाटच अडलेली असते.”

सई तिच्याच कुशीत झोपायची. आवाज आत ओढताना यायचा, बाहेर सोडताना जवळजवळ नाहीच. हे तिच्या कानाला पहिल्या दिवसापासून कळलं होतं. आणखीही एक गोष्ट तिला ठाऊक होती. पोर कामात लुडबुड करते म्हणून तिनेच तिच्यापुढे जीन्सला लावायच्या पितळी रिंगांची वाटी ठेवली होती. हे काम येतं त्या प्रत्येक घरात पोरं त्या वाटीशी खेळतात, राजाबाईचा लेकही खेळूनच मोठा झाला. आवाज सुरू झाला त्या दुपारी सई खोकून खोकून लालबुंद झाली, मग शांत झाली. राजाबाईने पाणी पाजलं आणि विषय मनात दडपून टाकला. चोराच्या मनात चांदणं. गोळ्याचं खापर इतक्या जोरात फोडलं ते त्याचमुळे. आता सुनेच्या देखत तोंड उघडायचं म्हणजे जीव जाण्यासारखं होतं, पण इथे खरोखर जीव जायची वेळ आली होती.

“डॉक्टर, आवाज आत घेतानाच येतोय,” ती ठाम आवाजात म्हणाली. “मी तिला रिंगांची वाटी खेळायला दिली होती. एक गिळली असणार. गोळ्याचं काही नाही.”

डॉक्टरीणबाईंनी नळी सईच्या गळ्याला लावली आणि त्यांचा चेहराच बदलला. एक्स-रे काढला, त्यात श्वासनळीत रिंग स्पष्ट दिसली. मधून पोकळ होती म्हणून तेवढ्यातून पोर तीन दिवस तगली. अँब्युलन्सने कल्याणच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं आणि तासाभरात सईला रिंग काढायला आत घेतलं.

बाहेर बाकावर बसल्यावर अक्षदाने विचारलं, “आई, तीन दिवस का नाही बोललात?”

“घाबरले,” राजाबाई म्हणाली. “तुला.”

राजाबाईला वाटलं, हिने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

दुपारी रिंग निघाली. संध्याकाळी दोघींना आत सोडलं. सई दमून झोपली होती. डॉक्टर सांगून गेले, सगळं उत्तम आहे. राजाबाई दारातच थांबली, पुढे जायचा धीर होईना. अक्षदाने मागे वळून पाहिलं.

“डॉक्टर म्हणतात साफ आहे,” ती म्हणाली. “तुम्ही ऐका. मग मी मानेन.”

राजाबाई कण्हत वाकली आणि नातीच्या गळ्याशी कान नेला. श्वास आत गेला, बाहेर आला. ती पुन्हा ऐकत राहिली, तिसऱ्यांदाही ऐकलं.

“साफ आहे,” ती म्हणाली. तेव्हा कुठे अक्षदा रडली.