बर्फाच्या घाटाची पैज

"तू? बर्फात गाडी चालवणार?" देवदत्त एवढा हसला की कपातली कॉफी बशीत आली. "अरे, तू पुण्यातला माणूस. बर्फ तू फक्त उसाच्या रसात पाहिलायस!"

"आणि इथे आइस कचांगच्या गोळ्यात," कमलाकर गंभीर चेहऱ्याने म्हणाला. "वरून सरबत घालून."

सिंगापूरच्या क्लेमेंटी भागात, राहत्या ब्लॉकखालच्या कॉफीशॉपात रविवारची सकाळ होती आणि घामाने सगळ्यांचे शर्ट पाठीला चिकटले होते. देवदत्त समोरच्या दारातला शेजारी. कधीकाळी त्याने अमेरिकेतल्या बर्फाळ मिनेसोटात सहा हिवाळे काढले होते, ते तो अजून लोणच्यासारखे प्रत्येक पानात वाढायचा. आणि कमलाकर? बावन्न वर्षांचा घोडा, पण खोडी काढल्याशिवाय त्याला अन्न पचायचं नाही. गेल्या वर्षी त्याने याच देवदत्तला ड्युरियनच्या बिया फणसाच्या आठळ्या म्हणून रस्स्यात घालून खाऊ घातल्या होत्या. देवदत्तने दोनदा मागून घेतल्या.

पण या वेळी कमलाकर थट्टा करत नव्हता. डिसेंबरच्या सुट्टीत बायको शुभा आणि मुलगी ऋग्वेदा यांना घेऊन तो जपानमधल्या होक्काइदोला निघाला होता आणि तिथे त्याने भाड्याची गाडी ठरवली होती. सिंगापुरात गाडी बाळगणं म्हणजे हत्ती पाळणं. बारा वर्षं बस आणि एमआरटीची मेट्रो. कधी एकदा स्टिअरिंग हातात येतंय असं त्याला झालं होतं.

"गाडी कुणीही चालवतो," देवदत्त म्हणाला. "कधी चालवायची नाही, हे कळायला अक्कल लागते."

"मग लागली पैज!"

पैज अशी ठरली. विमानतळ ते लॉज या वाटेवर एक घाट होता आणि त्यावरच्या कॅमेऱ्याचं चित्र इंटरनेटवर चोवीस तास दिसायचं. सोमवार ते शुक्रवार, रोज सकाळी साडेसातला दोघांनी ते बघायचं आणि एकच शब्द बोलायचा. 'जा' किंवा 'थांबा'. लॉजचा मालक रोज त्याच घाटातून पाहुण्यांची व्हॅन नेतो. त्याने व्हॅन काढली की नाही, हे शुभा नऊ वाजता मेसेज करून विचारणार. ज्याचे अंदाज जास्त चुकतील त्याने पुढच्या रविवारी भर दुपारी थंडीचं जाडजूड जाकीट, लोकरीची टोपी आणि हातमोजे घालून, खाण्याच्या गाळ्यांनी भरलेल्या हॉकर सेंटरच्या रांगेत उभं राहायचं आणि सगळ्यांसमोर गरम सूप प्यायचं.

"आणि माझीही एक अट," शेजारी बसलेली शुभा म्हणाली. "तू हरलास तर भाड्याची गाडी रद्द. आपण लॉजच्या व्हॅनने जायचं."

कमलाकरला गाडी सोडायची नव्हती. पण चारचौघांत मिशीला पीळ द्यायची सवय. "मंजूर!"

सोमवारी घाट पांढराशुभ्र. "थांबा," कमलाकर म्हणाला. देवदत्त म्हणाला, "जा. दाबून बसलेला बर्फ आहे, टायर धरतं." व्हॅन गेली होती. मंगळवारी लख्ख ऊन. "जा!" कमलाकर म्हणाला. देवदत्तने पडद्यावर बोट ठेवलं. "तो खांब बघ, मिनिटामिनिटाला गायब होतोय. वाऱ्याने बर्फ उडतोय. थांबा." व्हॅन निघालीच नव्हती.

दोन-शून्य. आता कमलाकरने आपलं ठेवणीतलं हत्यार काढलं. जपानचं घड्याळ आपल्यापुढे एक तास आणि व्हॅन तिथल्या आठला निघायची. म्हणजे लॉजवाल्याचा निर्णय इथल्या सातलाच झालेला असणार. त्याने गुपचूप त्या भल्या माणसाला मेसेज केला, 'आम्ही येणार आहोत, रोज सकाळी घाटाची खबर कळवाल का?' त्या बिचाऱ्याने सव्वासातच्या ठोक्याला कळवायला सुरुवात केली. बुधवारी देवदत्त चुकला, कमलाकर बरोबर. गुरुवारीही तेच.

"शिकला की हा!" देवदत्त डोकं खाजवत म्हणाला.

"गुरू चांगला मिळाला," कमलाकर म्हणाला आणि वर वाकून नमस्कारही केला.

दोन-दोन. शुक्रवारी तो सात वाजताच लॅपटॉप उघडून बसला. घाट काळा कुळकुळीत, चकाचक. पाऊस पडून गेल्यावर क्लेमेंटी रोड दिसतो ना, अगदी तसा. बर्फाचा कणही नाही. कमलाकर खूश झाला. एवढ्यासाठी कशाला मेसेज हवा? आज आपल्या डोळ्यांनीच जिंकू. 'जा', शंभर टक्के 'जा'.

मग फोन वाजला. लॉजवाला लिहीत होता, 'आज व्हॅन नाही. रस्ता ओला दिसतो, पण तो पाणी नाही, बर्फ आहे. चाकं बघा.'

कमलाकरने पुन्हा पाहिलं. एक ट्रक मुंगीच्या पावलांनी गेला. मागे एक कार गेली. चाकांतून पाण्याचा एक थेंब उडाला नाही.

त्याने फोन खाली ठेवला. जिंकायचा शब्द खिशात होता. साडेसातला फक्त 'थांबा' म्हणायचं, की गाडी आपली. आणि मग त्या घाटात एखाद्या सकाळी असाच चकाचक रस्ता समोर येईल, मागे ऋग्वेदा कानात गाणी लावून बसलेली असेल, शेजारी शुभा. मेसेज नसेल. हेच डोळे असतील. आणि हे डोळे शंभर टक्के 'जा' म्हणतील.

साडेसातला देवदत्त आला. त्याने बराच वेळ पडदा न्याहाळला. "उणे चार तापमान आणि रस्ता चकाकतोय? छे. थांबा."

"जा!" कमलाकर ठणकावून म्हणाला. "ओला रस्ता आहे नुसता. घाबरट कुठला!"

नऊ वाजता निकाल आला. देवदत्त पॅसेजमध्ये नाचायचाच बाकी होता.

रविवारी भर बाराला हॉकर सेंटरमधले पंखे गरम हवा ढवळत होते आणि फिश सूपच्या रांगेत एक अस्वल उभं होतं. गुडघ्यापर्यंत जाकीट, कानांवर टोपी, नाकावरून घामाच्या धारा.

"अंकल, यू सिक आह?" मागच्या आजीबाईंनी काळजीने विचारलं.

"नो, आंटी. आय लूज बेट."

ते ऐकून आजीबाईंनी अख्ख्या रांगेला चिनीत बातमी दिली. टाळ्या पडल्या. कुणीतरी त्याच्या हातात चिलीची वाटी दिली.

"बाबा, सो मालू लाह! किती लाज आणतोस!" ऋग्वेदा म्हणाली, पण मोबाइलवरचं शूटिंग थांबवलं नाही.

"अजून तिखट घाल त्याच्यात," देवदत्त टेबलावरून ओरडला. "मिनेसोटात आम्ही असंच प्यायचो!"

शुभा हळूच कानाशी आली. "एक विचारू? निकाल नऊला लागला. गाडी रद्द केल्याचा ईमेल सात पन्नासचा आहे."

कमलाकरने हातमोज्यात चमचा कसाबसा धरला. "तू सूप घेणार का?"

"घेते," ती म्हणाली आणि रुमालाने त्याच्या कपाळाचा घाम टिपला.

"वहिनी, पुसायचं नाही! नियमात नाही!" देवदत्त ओरडला.

कमलाकर खुर्चीवर उभा राहिला, वाडगा दोन्ही हातांनी उंच धरला, सगळ्या हॉकर सेंटरला वाकून सलाम केला आणि वाफाळतं सूप घटाघट पिऊन टाकलं.