मधुकांताबेनच्या नावावर

आमच्या शेजारचे ठाकोरभाई उत्तरायणाच्या आदल्या दिवशी पतंगांसाठी गच्ची झाडायला चढले आणि शिडीवरून घसरून पाय मोडून घेऊन बसले. मांडीपर्यंत प्लास्टर चढलं. सगळी गल्ली भेटून गेली. त्यांना दुखण्यापेक्षा मोठी काळजी होती ती येणाऱ्या रविवारची.

ठाकोरभाईंचा रविवार सुरतेत आमच्या गोपीपुऱ्यापुरता तरी प्रसिद्ध होता. सकाळी आंघोळ करून ते स्टीलचा मोठा डबा स्कूटरला अडकवत आणि एकटेच निघत. परत यायचे ते थेट जेवणाच्या वेळेला. डब्यात ढोकळ्याहून मऊ, वाफवलेला लोचो, आलूपुरी, थंडीत पोंक, म्हणजे आपला ज्वारीचा हुरडा. सगळं ताटात मांडलं की स्वतः मात्र दोन घास चाखून हात धुवायचे. मधुकांताबेनना नवऱ्याच्या या संयमाचा फार अभिमान. गल्लीतल्या बायकांना सांगायच्या, आमचे हे पाखराएवढं खातात, सगळं माझ्यासाठी आणतात.

त्या रविवारी मुलगा म्हणाला, मोबाईलवरून मागवतो. ठाकोरभाईंनी तोंड फिरवलं. "तसला लोचो आजाऱ्यांना देतात," म्हणाले. शेवटी मधुकांताबेननीच डबा उचलला. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्यांनी बाहेर बसून कधी खाल्लं नव्हतं. सासूबाईंच्या काळात घरातल्या बायकांनी दुकानाच्या बाकावर बसायची रीत नव्हती, आणि सासूबाई गेल्यावरही ती तशीच चालू राहिली. "निरु, चल," म्हणत सोबतीला त्यांनी मला घेतलं.

नगीनभाईंच्या लोचोच्या दुकानात वाफ इतकी होती की आतला माणूस आधी आवाजानेच कळायचा. मधुकांताबेननी डबा पुढे केला, ठाकोरभाईंकडून आलेय म्हणाल्या. नगीनभाई गल्ला सोडून बाहेर आले आणि त्यांना वरपासून खालपर्यंत पाहतच राहिले.

"मधुकांताबेन तुम्हीच?"

"हो. का?"

"नाही, तुम्ही तर काडीसारख्या आहात." मग त्यांनी खांद्यावरच्या पंच्याने बाक पुसला. "मला वाटलं होतं, दारातून आडव्या शिराल. ठाकोरभाई सांगतात ना, घरी नेलं की बायको मला बोट लावू देत नाही, म्हणून इथेच तीन प्लेटी खाऊन घेतो."

मी मधुकांताबेनच्या तोंडाकडे बघितलं नाही. बघायची हिंमत नव्हती.  त्या पदर कमरेला खोचून बाकावर ऐसपैस बसल्या आणि म्हणाल्या, "माझं नाव झालंच आहे, तर आणा तीन प्लेटी. निरुलाही एक."

लोचो आला. वाफाळता, वर तेल सोडलेलं, शेव आणि कांदा भुरभुरलेला. पहिला घास घेतला आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, राग आवरताहेत. पण त्यांनी बोट चाटलं आणि हळूच म्हणाल्या, "निरु, हा गरम असा लागतो होय? मी जन्मभर गार गोळा खात आले गं."

तिसरी प्लेट मात्र आम्ही दोघींत संपवली.

तिथून नदीपलीकडे रांदेरला इस्माईलचाचांच्या आलूपुरीवर. तिथे मधुकांताबेनची कीर्ती आणखी वाढलेली. ठाकोरभाईंनी सांगून ठेवलं होतं की आमच्या घरी वाघीण आहे, तिला लसूणमिरचीची चटणी वाटीभर लागते. चाचांनी मोठ्या अदबीने वाटी समोर ठेवली. मधुकांताबेनना तिखट सोसत नाही. पण आता माघार घ्यायची नाही, असं त्यांनी ठरवलं असावं. पुरीला चटणी फासून खाल्ली. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि तरी दुसरी पुरी मागितली. चाचा खूश होऊन शेजारच्या गिऱ्हाइकाला म्हणाले, बघितलंत, मी सांगत नव्हतो? मग तिखटावर उतारा म्हणून आम्ही कोपऱ्यावर थंड कोको प्यायलो. त्या एकेक घोट घेत रस्त्याकडे बघत होत्या, जत्रेला आलेल्या मुलीसारख्या.

घरी पोचलो तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती. ठाकोरभाई पलंगावर दाराकडे डोळे लावून बसलेले. मधुकांताबेननी ताट वाढलं, आपल्यापुरता एक चमचा लोचो घेतला आणि ताटली बाजूला सारली.

"एवढंच?" ठाकोरभाईंनी विचारलं.

"माझं पोट पाखराएवढं आहे."

ठाकोरभाईंचा घास हातातच राहिला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी भिंतीकडे बघितलं. मग ते असे हसायला लागले की प्लास्टरचा पाय उशीवरून खाली आला आणि हसता हसताच कण्हायला लागले. मधुकांताबेननी पाय उचलून परत उशीवर ठेवला, पण चेहरा तसाच.

"नाव माझं घालवलंत, आणि गरम तुम्ही खाल्लंत," त्या म्हणाल्या.

ठाकोरभाईंचं हसू थांबलं. ताटातली शेव गोळा करत ते सांगू लागले. लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी त्यांनी आईला विचारलं होतं, हिला घेऊन जाऊ का म्हणून. आई नाही म्हणाली. मग पुन्हा विचारायचं राहूनच गेलं. हे त्यांनी पहिल्यांदाच सांगितलं.

"तिथे तुझा विषय काढला की बरं वाटायचं मला," ते म्हणाले. "आणि तिसरी प्लेट मागायला कुणाचं तरी नाव लागतंच ना."

"पुढच्या वेळी माझं नाव घ्यायचं तर मला विचारून घ्या," असं म्हणत मधुकांताबेननी त्यांच्या ताटातली एक पुरी उचलली आणि खाल्ली. 

प्लास्टर निघेपर्यंत दर रविवारी आम्ही दोघी जात राहिलो. मधुकांताबेनना रांदेरमध्ये खावशाचं एक घर सापडलं, नारळाच्या दुधातल्या शेवया आणि वर तळलेला लसूण. ठाकोरभाईंना ते ठाऊकच नव्हतं. साऱ्या सुरतेची चव माझ्या जिभेवर आहे म्हणणारा माणूस दोन दिवस रुसून बसला.

प्लास्टर निघालं तेव्हा पोंकाचा हंगाम संपत आला होता. त्या रविवारी नदीकाठी पोंक आणि लिंबूमिरीची शेव खायला जायचं ठरलं. बातमी गल्लीभर झाली होती. रिक्षा आली तर समोरच्या दोघीजणी पदर सावरत आधीच येऊन उभ्या. मागच्या सीटवर आम्ही चौघी बसलो. ठाकोरभाई काठी टेकत आले, आत डोकावले आणि जागा शोधू लागले.

"पुढे बसा, ड्रायव्हरशेजारी," मधुकांताबेन म्हणाल्या. "रस्ता दाखवायला माणूस लागेलच."

ते निमूटपणे पुढे बसले, आणि तापीच्या काठापर्यंत मागे वळून वळून विचारत राहिले की खावसा आधी खायचा की पोंक.