बटणांचा डबा आणि चालती वाट

"यावर तुमचा विश्वास बसायचा नाही, आणि बसलाच तर मी तुमची अक्कल काढीन," असं शिंपीणमावशीने आधीच बजावलं आणि हातातल्या सदऱ्याला काज करायला घेतलं.

ती बसली होती थोरल्या बहिणीच्या, ताईच्या, दारातल्या पायरीवर. आत ताई गुडघ्यांना तेल चोळत होती. समोर कुरणाचा मालक गोठेवाला तारेच्या भेंडोळ्यावरच बूड टेकून बसला होता. तार त्याने पाऊलवाट बंद करायला आणली होती. येऊन बघतो तर वाट लख्ख तुडवलेली, आणि तीही भलत्याच जागी. आता त्याला एवढंच हवं होतं, की झुडपांच्या कडेकडेने जाणारी वाट त्याच्या कुरणाच्या मधोमध आली कशी, ते कोणीतरी सांगावं.

गावचा नियम जुना होता. ज्या वाटेवर गवत गुडघ्याला लागलं ती वाट मालकाची, मग त्याने तिथे तार घालावी नाहीतर पलंग. मावशीचं घर कुरणाच्या अलीकडे, ताईचं पलीकडे. दोघींचे पाय कुरकुरायला लागले, जाणं-येणं कमी झालं आणि गवत पोटरीपर्यंत आलं. "मावशी, गवत झकास वाढतंय हं," असं गोठेवाला येता-जाता साखरेच्या तोंडाने म्हणायचा. वाट गेली की राहिला खाणीवरून जाणारा लांबचा रस्ता, म्हणजे दोघी बहिणींनी एकमेकींचा खोकला तेवढा फोनवर ऐकायचा. मावशी एकटी रोज चार पावलं चालून बघायची, पण एकटीच्या पायांनी वाट होत नाही. गवत वाकायचं आणि तिची पाठ वळली की पुन्हा उभं राहायचं.

तेव्हा ताईच्या मुलीने फोनवर तोड सुचवली. "मावशी, लोक हल्ली डबे शोधत रानोमाळ हिंडतात. कुणीतरी डबा लपवतं, नकाशावर टिंब टाकतं, बाकीचे फोन धरून निघतात. सापडला की आतली एक वस्तू घ्यायची आणि आपली एक ठेवायची."

"आणि मिळतं काय?"

"काही नाही गं."

"मग येतील," मावशी म्हणाली. "फुकटच्या कामाला माणूस अनवाणी धावतो."

तिने डब्यात बटणं भरली. शिंपल्याची, लाकडाची, कुणाच्या तरी लग्नातल्या कोटाची उरलेली पितळी. झुडपांच्या कडेला वाटेवरच एक पोखरलेलं झाड होतं, त्याच्या ढोलीत डबा सारला. मग नकाशावर टिंब टाकायला बसली, आणि इथे तिचा हात सवयीने घसरला. कापड बेतताना शिंपी नेमका खुणेवर कापत नाही. शिवणीसाठी बोटभर जादा कापड सोडतो, त्याला माया म्हणतात. मावशीने टिंबालाही बोटभर माया सोडली. नकाशावरचं बोट जमिनीवर केवढं लांब होतं, हे कात्री धरणाऱ्या हाताला काय ठाऊक? टिंब जाऊन पडलं ते थेट ताईच्या पायरीवर.

माणसं आली. काठोकाठ भरलेला पेला नेल्यासारखा फोन समोर धरून, बाणावर नजर लावून, गवतातून सरळ रेषेत चालत आली आणि ताईच्या दारात थबकली.

"काय हरवलंय?" ताई विचारायची.

"डबा."

"तो तिकडे झाडात आहे. पण आधी बसा की घटकाभर."

इतके दिवस भिंतीवरच्या घड्याळाशी बोलणाऱ्या ताईचा घसा महिन्याभरात बोलून बोलून बसला.

"आता पुढचं ऐका," मावशी दोरा दाताने तोडत म्हणाली.

एका सकाळी धुकं असं उतरलं होतं, की गायींची नुसती शिंगंच तरंगताना दिसत होती. मावशी झुडपांकडच्या जुन्या वाटेवर उभी होती. आपल्याला आता कुणी विचारत नाही, हे वाटेला बहुधा कळून चुकलं होतं. वाटेने आधी आपला एक काठ उचलला. मग अंग झाडलं, तशा गोगलगायी आणि वाळकी पानं भुरभुर खाली पडली. आणि मळखाऊ रंगाची लांबच लांब पट्टी सरकवावी, तशी ती हलकेच गवतातून निघाली. गवत बाजूला होत होतं. गायी झोपेतच एकेक पाय उचलून तिला जागा देत होत्या. मावशी तिच्यावर उभीच होती, तीही तिच्याबरोबर वाहत निघाली. पायाखाली नुकत्याच इस्त्री केलेल्या कापडासारखं ऊबदार लागत होतं. मध्ये एक वासरू झोपलं होतं. त्याला वाटेने वळसा घातला, मग पुढे येऊन ताईच्या पायरीवर डोकं ठेवलं आणि ती निजली.

"वासराला वळसा?" गोठेवाल्याने विचारलं.

"तो वाक बघा की तिथे."

त्याने मान वळवली. कुरणाच्या मध्यावर वाक होता खरा.

"आमच्या तांबडीचं वासरू तिथेच लोळतं," तो पुटपुटला.

तेवढ्यात फोन धरलेलं एक जोडपं त्या वाकावरून वळून आलं. गोठेवाल्याने तार मागे ओढली, पाय आखडून घेतले आणि त्यांना जाऊ दिलं. मग त्याने मावशीच्या सुईकडे बोट केलं.

"वाट चालत आली, हे मी मानतो," तो म्हणाला. "धुक्यात कायकाय चालतं. पण मावशी, तुम्ही शिवलेला माझा कोट दंडात आवळायला लागला, म्हणून सैल करायला उसवून घेतला, तर आत सुताएवढंही कापड निघालं नाही. तुमच्या हाताला माया सोडायची सवय? हे मात्र साफ खोटं."